डुकरांसाठी झटका मशीन: पुण्याच्या बाजारातले तीन प्रकार, आणि कोणतं घ्यावं

मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात भात पोटरीतून बाहेर पडलं की रानडुकरांचा हंगाम सुरू होतो. जुन्नर-आंबेगावकडे भुईमुगाला आऱ्या सुटल्यावर, सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा पोसल्यावर आणि मक्याचं कणीस दुधात असताना तेच. उसात तर डुक्कर वर्षभर मुक्कामाला असतं. एका रात्रीत दहा-बारा जणांचा कळप पाच गुंठे भुईमूग नांगरल्यासारखा उलथून जातो. खाल्लेलं कमी आणि तुडवलेलं जास्त, हे पाहिलं की माणसाच्या मनात पहिला विचार शिकारीचाच येतो.

तो विचार कायद्याने कुठे अडतो, ते आधी नीट समजून घ्यायला हवं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. फासकी लावणं, वाघूर (शिकारीचं जाळं) टाकणं, पकडणं, जखमी करणं हे सगळं शिकारीतच येतं. परवाना काढून ठरावीक हंगामात शिकार करण्याची सोय १९७२ च्या मूळ कायद्यात होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. त्यामुळे शिकारीचा मोसम ही गोष्ट आपल्याकडे आता नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराबाबत कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी मिळू शकते, पण परवानगी हातात येण्याआधी केलेलं काहीही गुन्हाच ठरतं. कुंपणात महावितरणची २३० व्होल्टची तार सोडणं तर सरळ मनुष्यवधाला निमंत्रण आहे. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा पहाटे सरपणाला गेलेली बाई त्या तारेला चिकटून मरते. राखणीचा उपाय म्हणून हे कोणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा.

उरतं ते झटका मशीन, म्हणजे शेताभोवतीच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं यंत्र. यात तारेतून सलग वीज वाहत नाही. साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता मोठ्या दाबाचा ठोका बसतो. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्राण्याला किंवा माणसाला तारेपासून सुटता येतं, म्हणून जीव जात नाही. कुंपणाच्या मशीनसाठी आयईसी ६०३३५-२-७६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तीन मर्यादा घातल्या आहेत: ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर नको, ठोका १० मिलिसेकंदांहून लांब नको आणि ठोके सेकंदाला एकाहून जास्त नकोत. दुकानात पहिला प्रश्न याच मानकाचा विचारा. उत्तर देताना दुकानदार मशीन उलटं करून पाटी वाचू लागला तर ठीक. 'करंट लय जोरात लागतो साहेब' एवढंच उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

पुण्यात सध्या तीन तऱ्हेची मशीनं मिळतात.

पहिली तऱ्हा म्हणजे स्थानिक जोडणीचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास आणि तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रांत तो मिळतो. स्वस्त असतो आणि दुरुस्ती कुठेही होते, ही त्याची खरी जमेची बाजू. पण डब्यावर ज्यूल लिहिलेले नसतात, '१० एकर', '२५ एकर' असं लिहिलेलं असतं. या आकड्याला काही अर्थ नाही. मशीनला एकर कळत नाहीत, तारेची लांबी आणि तारेला टेकलेलं गवत कळतं. त्याहून गंभीर बाब अशी, की काही डब्यांत ठोक्याचा वेग कमी-जास्त करायचा नॉब दिलेला असतो आणि तो पूर्ण फिरवला की सेकंदाला दोन-तीन ठोके पडतात. म्हणजे सुटायला मिळणारा वेळच कापला जातो. नॉब असलेलं मशीन घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी तऱ्हा एकाच खोक्यातली: वर छोटं सौर पॅनेल, आत बॅटरी आणि मशीन, खांबाला अडकवलं की झालं. मोशीच्या किसान प्रदर्शनात गर्दी खेचणारी हीच. परसबाग, रोपवाटिका किंवा दहा-पंधरा गुंठ्यांची भाजी यासाठी सोयीची आहे. शिरूर, दौंड, बारामतीच्या उन्हात चालूनही जाते. मुळशी-वेल्ह्याच्या पावसात मात्र हिचा भरवसा नाही, आणि त्याचं गणित साधं आहे. बाहेर १ ज्यूल देणारं मशीन १२ व्होल्टवर साधारण ०.२ ते ०.२५ अँपिअर खेचतं. रात्रीचे बारा तास धरले तर अडीच ते तीन अँपिअर-तास. खोक्यातली लेड-अॅसिड बॅटरी ७ अँपिअर-तासांची असेल तर तिचा निम्माच भाग वापरायचा असतो, नाहीतर ती वर्षभरात मरते. म्हणजे हाताशी एका रात्रीची शिल्लक. सलग चार दिवस सूर्य दिसला नाही की दुसऱ्या रात्रीच तार मेली, आणि डुकराला ते लगेच कळतं.

तिसरी तऱ्हा सुट्या भागांची: पाटीवर ज्यूल लिहिलेलं मशीन, वेगळी बॅटरी, वेगळं पॅनेल. पश्चिम पट्ट्यासाठी आमची शिफारस हीच, किंमत जास्त असूनही. इथे एक बारीक गोष्ट बघा. पाटीवर साठवलेले ज्यूल आणि बाहेर पडणारे ज्यूल असे दोन आकडे असू शकतात. बाहेर पडणारा आकडा साधारण साठवलेल्याच्या दोन तृतीयांश असतो, आणि विचारायचा तो हाच. गवताळ बांधावर दर एक किलोमीटर तारेला बाहेर पडणारा १ ज्यूल, हा अंदाज सुरक्षित आहे.

एका एकराचा हिशेब असा. चौकोनी एकराचा परीघ सुमारे २५४ मीटर भरतो. डुकरासाठी तीन ओळी लागतात, म्हणजे ७६३ मीटर तार. १४ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार एका किलोत ३९ मीटरच्या आसपास येते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), म्हणून २० किलो लागेल. १२ गेज घेतली तर किलोला २३ मीटर धरून ३३ किलो. खांब चार-चार मीटरवर म्हणजे ६४, इन्सुलेटर (तारेतली वीज खांबात उतरू न देणारे) २०० आणि वर दहा-पंधरा शिल्लक. कोपऱ्याच्या चार खांबांना तिरका टेकू द्यायलाच हवा, कारण तार ओढली की कोपरा आत झुकतो आणि खालची ओळ जमिनीला टेकते.

तारेत पैसे वाचवायचे म्हणून बांधकामाची बाइंडिंग वायर वापरणारे बरेच आहेत. ती २० गेजच्या आसपासची असते, तिचा विरोध १४ गेजच्या जवळजवळ पाचपट, आणि दोन पावसाळ्यांत ती गंजून तुटते. काटेरी तारेत झटका सोडायचा नाही, हेही मानकातच आहे. प्राणी किंवा माणूस काट्यात अडकला तर ठोक्यामागून ठोके खात राहतो.

ओळींची उंची हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. डुकराच्या अंगावरचे राठ केस आणि जाड कातडं झटका फारसा आत जाऊ देत नाहीत. त्याला झटका बसतो तो ओल्या नाकाला. म्हणून पहिली तार जमिनीपासून २० सेंटिमीटर, दुसरी ४०-४५ वर, तिसरी ७० ते ७५ वर. पहिली तार फूटभर वर गेली की पिल्लं खालून निसटतात आणि मागोमाग आई मुसंडी मारते. बांध जिथे खाली-वर आहे तिथे तार सरळ ओढून चालत नाही, प्रत्येक घळीत जादा खांब ठोकून ती खाली आणावी लागते. ओढ्याच्या तोंडाशी एवढी तार अडवत नाही, तिथे दगड रचून घ्या. सांबर आणि भेकरासाठी वर आणखी एक-दोन ओळी लागतील. साळिंदराला काट्यांमुळे झटका कमी बसतो आणि ते उकरून आत शिरतं. वानरं उडी मारून जातात. या दोघांसाठी हे मशीन घेणार असाल तर निराशा होईल.

आता अर्थिंग. मशीन चालत नाही म्हणून दुकानात परत आलेल्या तक्रारींमागे बहुतेक वेळा मशीन नसतं, अर्थिंग असतं. ठोका तारेतून निघतो, डुकराच्या नाकातून अंगात जातो, पायांतून जमिनीत उतरतो आणि अर्थिंगच्या सळईमार्गे मशीनकडे परततो. परतीची वाट नसेल तर मशीन टकटक करत राहतं, दर्शक भरपूर व्होल्ट दाखवतो, पण डुकराला गुदगुल्याही होत नाहीत. संचाबरोबर दोन फुटांची एकच सळई देतात, ती पुरत नाही. पाच-सहा फुटांच्या जीआयच्या तीन सळया, एकमेकींपासून दहा फुटांवर, एकाच जाड तारेने जोडलेल्या, एवढं किमान हवं. घराच्या विजेच्या अर्थिंगपासून त्या निदान १० मीटर लांब ठेवा.

आपल्याकडे अडचण येते ती मुरूम आणि काळ्या पाषाणाची. पहारीने दीड फूट गेलं की खडक लागतो. अशा ठिकाणी सळई उभीच गेली पाहिजे असं नाही. विहिरीच्या कडेला, पाटाच्या चारीत किंवा ओलसर खाचरात जागा शोधा आणि तिथून मशीनपर्यंत अर्थची तार आणा. उन्हाळी पिकासाठी जमीन सुकली की मधली ओळ मशीनऐवजी अर्थला जोडायची. मग डुकराचं नाक खालच्या तारेला आणि कपाळ मधल्या तारेला एकदम लागलं की कोरड्या मातीची गरजच उरत नाही.

अर्थिंग पुरेसं आहे का, हे घरीच तपासता येतं. मशीन बंद करून कुंपणाच्या लांबच्या टोकाला, किमान शंभर मीटरवर, तारेला दोन-तीन लोखंडी पहारी टेकवून जमिनीत रोवा. मशीन चालू करून तारेचा दाब मोजा. तो दोन हजार व्होल्टच्या खाली आला पाहिजे, नसेल तर आणखी पहारी रोवा. मग शेवटची अर्थ-सळई आणि तिच्यापासून मीटरभरावर खुपसलेला खिळा यांच्यात मोजा. ३०० व्होल्टहून जास्त भरले तर सळया वाढवा. हे मोजायला कुंपणाचा खास टेस्टर लागतो. साधा मल्टिमीटर लावला तर तो जळतो.

त्याच टेस्टरने रोज संध्याकाळी सर्वांत लांबच्या कोपऱ्यात मोजायचं. डुकरासाठी तिथे ४००० व्होल्ट हवेत. मशीनच्या पडद्यावरचा आठ-नऊ हजारांचा आकडा मशीनपाशी असतो, कोपऱ्यात काय उरलंय ते तो सांगत नाही. कोणत्याही तऱ्हेचं मशीन घ्या, पण टेस्टर त्याच बिलात घ्या.

बॅटरी आणि पॅनेल भागानुसार ठरतात. दौंड-शिरूरला २० वॅटचं पॅनेल पुरतं, उघड्या दिवशी ते सहा अँपिअर-तासांपर्यंत देतं. ताम्हिणीच्या अलीकडच्या गावांत जुलैच्या ढगांत तेच पॅनेल त्याच्या पाचव्या हिश्श्यावर येतं. तिथे ४० वॅटचं पॅनेल आणि २६ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या, म्हणजे १ ज्यूलच्या मशीनच्या उन्हाशिवायही चार रात्री निघतात. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल १८ ते २० अंश. बॅटरी ११ व्होल्टच्या खाली जाऊ न देणारा चार्ज कंट्रोलर मशीनमध्येच आहे का, हे विचारा. नसेल तर वेगळा घ्या.

अंधार पडला की आपोआप चालू होण्याची सोय बहुतेक मशीनांत असते आणि कामाचीही आहे. पण पावसाळ्यात भर दुपारी आभाळ दाटलं तरी मशीन चालू होतं, आणि नेमकी तेव्हा लावणीला किंवा बेणणीला (तण काढायला) माणसं शेतात असतात. म्हणून हाताने बंद करायचं बटण बांधावरून सहज पोचेल असं हवं, आणि माणसं शेतात असताना ते बंदच ठेवायचं.

मशीनपासून कुंपणापर्यंतची वायर घरगुती पीव्हीसीची नको. तिचं आवरण हजार-अकराशे व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी बनलेलं असतं. जमिनीतून किंवा लोखंडी फाटकाखालून नेली की आतल्या आत फुटते, आणि दोष शोधता शोधता आठवडा जातो. कुंपणासाठी दुहेरी आवरणाची उच्च दाबाची केबल वेगळी मिळते, दहा-पंधरा मीटर पुरे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा मशीन जळण्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. लाइटनिंग अरेस्टर बसवा, आणि मशीन व कुंपण यांच्यामध्ये त्याच तारेचे आठ-दहा वेढे गुंडाळी करून ठेवा. अरेस्टरसाठी अर्थ-सळई वेगळी ठोकावी लागते. वॉरंटीत वीज पडून झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत, कागद वाचून घ्या.

व्होल्ट पडले की आधी गवत बघायचं. खालच्या तारेला ओलं गवत टेकलं की ठोक्याची ऊर्जा तिथेच जमिनीत मुरते. ऑगस्टमध्ये दर दहा-बारा दिवसांनी बांध बेणावा लागतो. तणनाशक मारून बांध उघडा केला तर पावसात तो धुपतो, त्यापेक्षा विळा बरा. मग तडकलेले इन्सुलेटर. रात्री अंधारात कुंपणाभोवती चालत गेलं की तडकलेल्या ठिकाणी ठिणगी दिसते आणि टिकटिक ऐकू येते. नंतर तारेचे जोड: नुसता पीळ मारलेला जोड गंजतो, तिथे क्लॅम्प हवा. बांबू वाळलेला असला तरी पावसात भिजतो, त्यामुळे त्यालाही इन्सुलेटर लागतोच.

कुंपण कधी घालायचं, यावर सगळं यश ठरतं. पीक भरात आल्यावर घाईने घातलेलं कुंपण डुक्कर तोडून जातं, कारण आतल्या शेंगांची चव त्याला लागलेली असते आणि वाट पडलेली असते. पीक भरण्याच्या किमान पंधरा दिवस आधी तार ओढा आणि पहिल्या रात्रीपासून पूर्ण दाबाने चालू ठेवा. बिनविजेची तार चार दिवस उभी राहिली तर डुक्कर ती ओलांडायला शिकतं. जुन्या वाटेच्या तोंडाशी तारेला पांढऱ्या पट्ट्या बांधा, म्हणजे ते धावत येऊन तार तोडण्याऐवजी थांबून हुंगतं आणि नाकाला ठोका खातं. काढणी झाली की तार उतरवून ठेवा. बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, नाहीतर पुढच्या हंगामात नवी घ्यावी लागेल.

पायवाटेच्या आणि रस्त्याच्या बाजूला पिवळ्या इशारा-पाट्या लावा, किमान १० बाय २० सेंटिमीटरच्या. एकाच कुंपणाला दोन मशीनं कधीही जोडू नका. शेजाऱ्याचं कुंपण वेगळ्या मशीनवर असेल तर दोन्ही तारांत अडीच मीटर अंतर हवं. महावितरणच्या लाइनखालून तार न्यावीच लागली तर ती आडवी न्या, लाइनला समांतर नको. आणि ग्रामपंचायतीत लेखी कळवून ठेवा.

अनुदानाचंही विचारा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळण्याची तरतूद आहे. ती सरसकट सगळ्या गावांना नाही. आपलं गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच खरेदी करा आणि बिल पक्कं घ्या. पिकाचं नुकसान आधीच झालं असेल तर वाट न पाहता ते वन विभागाकडे नोंदवा, फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

तर निवड अशी. परसबागेला दुसरी तऱ्हा चालेल. पूर्वेच्या उन्हाळ भागात दोन-तीन एकरांसाठी तिसऱ्या तऱ्हेतलं १ ते २ ज्यूलचं मशीन, २० वॅटच्या पॅनेलसह. मावळ-मुळशी-वेल्ह्यात तेच मशीन ४० वॅट आणि मोठ्या बॅटरीसह. पहिली तऱ्हा पाटीवर ज्यूल आणि मानक असल्याशिवाय नको, कितीही स्वस्त असली तरी. पैसे कमी पडत असतील तर शेजारच्या तीन-चार खातेदारांनी मिळून एकच मशीन आणि एकच बाहेरचं कुंपण करा. चार चौकोनी एकर वेगवेगळे वेढले तर परीघ हजार मीटरच्या वर जातो, एकत्र वेढले तर साधारण पाचशे. तार, खांब, इन्सुलेटर, बेणणी, सगळंच निम्म्यावर येतं. संध्याकाळी टेस्टर घेऊन कोपऱ्यापर्यंत कोणी जायचं, याची पाळी तेवढी आधी ठरवून घ्या.